विषय: ‘आल्हाददायक हवामाना’त नऊ दिवस भिजल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार-चमत्कार आधीच्या तीन मेलमध्ये करून झालेत, तिन्हींना ‘आपला मेल मिळाला’ एवढंच आपोआप उत्तर आलंय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. दहा मिनिटांपूर्वी तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय, डोकं अजून गरम आहे, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

दिवाळीनंतरची तामिळनाडू टूर. माणशी ३८,५०० रुपये, आम्ही चौघं, त्यात माझी आई, वय ७१. बुकिंग करताना तुमच्या ऑफिसात मी स्वतः विचारलं होतं की तिकडं पाऊसबिऊस नसतो ना. टेबलामागच्या मॅडम हसल्या. म्हणाल्या, सर, मान्सून कधीच गेला, आता सगळीकडं मस्त हवा. तुमच्या पीडीएफच्या पान २ वरही तेच, ‘पावसाळ्यानंतरचे आल्हाददायक हवामान’, आणि सोबत काय आणायचं त्याची यादी: सुती कपडे, टोपी, गॉगल, सनस्क्रीन. छत्री नाही. रेनकोट नाही. नऊ दिवसांच्या यादीत छत्री हा शब्द एकदाही नाही.

आता तुम्ही म्हणाल पाऊस काय सांगून येतो का. तामिळनाडूत येतो! साधारण २० ऑक्टोबरच्या पुढं येतो आणि डिसेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो, त्याला ईशान्य मान्सून म्हणतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडं धो धो पडतो तेव्हा घाट ढग अडवतो म्हणून तिकडं बेताचाच पडतो, मग वारं फिरतं, बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन येतं आणि त्यांचा पावसाळा सुरू होतो. चेन्नईत वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस याच तीन महिन्यांत पडतो, त्यातही नोव्हेंबर सगळ्यात ओला. हे मला परत आल्यावर कळलं, माझी चूक, कबूल. पण मी टूर कंपनी नाही, तुम्ही आहात.

आणि तुम्हाला माहीत नव्हतं हे तर सांगूच नका. चेन्नई एअरपोर्टच्या बाहेर तुमचे टूर मॅनेजर आम्हाला घ्यायला आले ते गुडघ्याच्या खाली जाणारा रेनकोट घालून, हातात घडीची छत्री आणि सॅकला प्लॅस्टिकचं कव्हर. आम्ही ३२ माणसं टोप्या घालून. माझ्या मुलीच्या डोक्यावर गॉगल होता. मी विचारलं, साहेब, तुम्हाला कुणी सांगितलं छत्री आणायला? ते म्हणाले, “मी दरवर्षी येतो ना.” माणूस चांगला होता, त्यांच्यावर राग नाही, आईला त्यांनी स्वतःची छत्री दिली. पण त्यांना दरवर्षी कळतं ते तुमच्या पीडीएफला का कळत नाही?

पुढचं थोडक्यात. महाबलीपुरमचं किनाऱ्यावरचं देऊळ बसच्या काचेतून बघितलं, काचेवर वाफ. रामेश्वरला बावीस कुंडांचं स्नान असतं, आम्हाला तेविसावं वरून फुकट मिळालं. धनुष्कोडीचा रस्ता लाटांमुळं बंद. कन्याकुमारीला विवेकानंद स्मारकाची बोट बंद, आणि ज्या सूर्योदयाचा फोटो तुमच्या पीडीएफच्या कव्हरवर आहे तो ढगामागं कुठंतरी झाला असावा. आईची चार लुगडी ओली, नऊवारी वाळवायची कशी, शेवटी मदुराईच्या हॉटेलात पंख्याला एक टोक आणि कपाटाच्या कडीला दुसरं बांधून रात्रभर खोलीभर लुगडं आणि आम्ही त्याच्याखाली झोपलो. आणि तिथून कोडाईकनाल! मदुराई खाली सपाटीवर, कोडाई दोन हजार मीटरच्या वर, चार तासांत हवा पार बदलते, रात्री दात वाजायला लागले. यादीत काय? तेच, सुती कपडे. सगळ्या दक्षिणेला एकच हवामान आणि एकच यादी. आईला तिथल्या बाजारात ९०० रुपयांचा स्वेटर घ्यावा लागला, बिल जोडलंय.

त्याच पीडीएफच्या पान ६ वर तुम्हीच लिहिलंय की धनुष्कोडी गाव १९६४च्या डिसेंबरात चक्रीवादळानं उद्ध्वस्त झालं. म्हणजे पान ६ लिहिणाऱ्याला दिवाळीनंतर तिकडं काय होऊ शकतं ते माहीत आहे. त्यांची आणि पान २ वाल्यांची एकदा गाठ घालून द्या.

आता आजचा फोन. तुमचे एक्झिक्युटिव्ह आधी म्हणाले, “सर, पाऊस आमच्या हातात नसतो.” मी म्हटलं, पाऊस नसतो, पीडीएफ असते. मग म्हणाले दैवी आपत्ती, कलम १४. मी म्हटलं, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येते ती आपत्ती कसली, तो तिथला पावसाळा. मग कीबोर्डची टकटक, स्क्रीनवर माझा पत्ता बघितला असणार, आणि अगदी गोड आवाजात, “सर, आपण सातारा जिल्ह्यातले ना? मग पावसाची तर आपल्याला सवय असेल.”

मी दहिवडीचा आहे. माण तालुका. तुमच्या माणसाला सातारा म्हणजे महाबळेश्वर वाटलं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडं पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. पावसाची सवय असती तर आम्ही जनावरं चारा छावणीत कशाला नेऊन बांधली असती? आणि मी हे सांगितल्यावर पलीकडून काय, तर “ओके सर, नोटेड सर.” काय नोट केलं? एका जिल्ह्यातली हवा कळत नाही आणि अख्ख्या देशाच्या टूर विकता.

वर भरपाई म्हणून १,००० रुपयांचं कूपन. फक्त जून ते सप्टेंबर चालणारं. ‘मान्सून स्पेशल कोकण’ टूरवर. हे मुद्दाम केलंय का हो?

दोनदा तुमच्याबरोबर आलोय, राजस्थान आणि हिमाचल, दोन्ही छान झाल्या होत्या, म्हणून जास्त लागतंय. आईच्या भजनी मंडळाच्या अकरा बायका फेब्रुवारीत तुमच्याकडं काशीला येणार होत्या, ते बुकिंग काल रद्द केलं.

मला काय पाहिजे: बोट, धनुष्कोडीची जीप आणि महाबलीपुरमची गाइड फी, चौघांची, आणि स्वेटरचे पैसे. आणि पीडीएफमध्ये छत्री. पंधरा दिवस वाट बघतो. नंतर सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९च्या कायद्यानं ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हेही मला परत आल्यावरच कळलं.

ता.क. टूर मॅनेजरची छत्री आईकडंच राहिलीय. त्यांचा पत्ता कळवा, कुरिअरनं पाठवतो. त्यांना पुढच्या नोव्हेंबरला लागेल.