नाट्यगृहासाठी निधी आला, आता नाटकासाठी तरतूद हवी

प्रति,
मा. संपादक,

विषय: महापालिकेच्या अर्थसंकल्पात स्थानिक कलावंतांसाठी कायमची तरतूद असावी

महोदय,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव या वास्तूला आहे त्या गायक नट केशवरावांची जयंती होती. छत गेले, लाकडी रंगमंच गेला, पडदे, खुर्च्या, दिवे सगळे गेले. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या रात्री खासबागेच्या रस्त्यावर उभे राहून जी माणसे रडली, त्यांत मीही होतो. पुढे राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी दिला. वास्तू पूर्वी होती तशीच उभी राहावी, हा रंगकर्मींचा आग्रहही विचारात घेतला गेला. याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे आणि ती मी आधी नोंदवतो. हे पत्र मात्र त्यापुढच्या प्रश्नासाठी आहे. इमारत उभी राहिल्यावर तिथे वर्षभर नाटक कोण करणार, आणि ते करता यावे म्हणून महापालिका स्वतःच्या अर्थसंकल्पात दरवर्षी काय ठेवणार?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ साली काम सुरू करून १९१५ साली हे नाट्यगृह, तेव्हाचे पॅलेस थिएटर, पूर्ण केले. त्याला लागूनच खासबागेचे कुस्ती मैदान आहे. आपण कोल्हापूरकर या दोन्ही वास्तूंचा अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. पण महाराजांनी मैदान बांधले तसा मल्लांचा खुराकही दिला, याची आठवण त्या अभिमानात मागे पडते. खुराक नसता तर मैदान मोकळेच राहिले असते. संगीतात आणि चित्रकलेतही त्यांनी तेच केले. अल्लादिया खाँसाहेब दरबार गायक म्हणून कोल्हापुरात राहिले, आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय मिळाला. ज्या मातीतून केशवराव वर आले, बाबूराव पेंटर घडले, शाहीर पिराजीराव सरनाईकांचा डफ घुमला, ती माती अशी सांभाळली गेली होती. आता संस्थान नाही, राजा नाही. ती जबाबदारी आज कोणाची, याचे उत्तर मला तरी एकच दिसते: नगरपालिका आणि महापालिका.

हे माझे मत झाले, पण कायदाही फार वेगळे सांगत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नागरी स्वराज्य संस्थांकडे कोणती कामे सोपवता येतील याची ती यादी आहे. त्यातले तेरावे काम सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचे आहे. मात्र १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कामांचे दोन कप्पे आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामे आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे. पाणी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती पहिल्या कप्प्यात. करमणूक आणि कला दुसऱ्यात. ऐच्छिक म्हटले की पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथे लागते. पैसे तर दरवर्षीच कमी पडतात.

नाटक बसवायला काय लागते, ते या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण निर्णय घेणाऱ्यांनाही त्याची पुरेशी कल्पना नसते असा माझा अनुभव आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू आहे आणि महाराष्ट्रातली हौशी रंगभूमी मुख्यतः तिच्या आधाराने टिकून आहे. स्पर्धेतला संघ म्हणजे बँकेतला कारकून, शाळेतली शिक्षिका, गॅरेजवाला, कॉलेजची दोन-चार मुले, एखाद्या दुकानातला हिशेबनीस. दिवसभर काम करून ही माणसे संध्याकाळी तालमीला जमतात. जमायचे कुठे, हा पहिला प्रश्न. कुणाच्या ओळखीने शाळेचा वर्ग मिळतो, परीक्षा आल्या की तो जातो. मग कुणाची गच्ची, कुणाच्या गोदामातला कोपरा. पावसाळ्यात तेही बंद. वर्गात बाके बाजूला सारून बसवलेल्या नाटकातल्या नटाला रंगमंचाची खरी लांबी-रुंदी प्रयोगाच्या दिवशीच कळते. दहा पावलांत गाठायचे दार तिथे अठरा पावलांवर असते, आणि तालमीत नीट बसलेली एंट्री नेमकी प्रयोगात चुकते.

मग खर्च. नेपथ्यासाठी प्लाय, फ्रेम आणि रंग, सुताराची मजुरी, सेट नेण्या-आणण्याचा टेम्पो, भाड्याचे दिवे, कपडेपट, रंगभूषाकाराचे मानधन, ध्वनिमुद्रण. हे पैसे बहुतेक वेळा संघातलेच लोक वर्गणी काढून उभे करतात. नाट्यगृहाचे भाडे आणि अनामत रक्कम त्यावर. स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृह मिळते, पण तेच नाटक पुढे आपल्याच गावात तिकीट लावून करायचे म्हटले की हिशेब जुळत नाही. शनिवार-रविवारच्या तारखा मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नाटकांकडे जातात. त्यांनी यावेच, आम्ही ती नाटके पाहूनच शिकलो. पण स्थानिक संघाच्या वाट्याला मंगळवारची दुपार येते आणि मंगळवारी दुपारी प्रेक्षक येत नाही. दोन महिने बसवलेले नाटक एका प्रयोगानंतर संपते. सेट कुणाच्या तरी अंगणात भिजून जातो. एवढे करून पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि दोन-तीन वर्षांनी कायमची थांबलेलीही पाहिली आहेत. थांबलेल्यांत मुली जास्त असतात. तालमीची जागा लांब, रात्रीची आणि अनोळखी असली की घरचे पाठवत नाहीत.

तंत्राची बाजू तर आणखी दुबळी आहे. दिव्यांची मांडणी, दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे डिमर, ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस कायम नोकरीवर असेल तर तो नाट्यगृहाला ओळखतो. कुठला सॉकेट तापतो, कुठली वायर जुनी झाली, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. अशी पदे निवृत्तीनंतर भरली जात नाहीत, कामे ठेकेदाराकडे जातात आणि ठेकेदाराची माणसे बदलत राहतात. कोल्हापूरच्या आगीच्या कारणाबद्दल मी इथे काही म्हणत नाही. तो तपासाचा विषय आहे. पण शंभर वर्षांहून जुन्या, लाकूड आणि कापडाने भरलेल्या वास्तूला रोज डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस हवा, हे सांगायला तपास लागत नाही.

दुर्लक्षाचे चित्र कोल्हापूरपुरते नाही. मे २०२३ मध्ये रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात वातानुकूलन यंत्रणा बंद होती. घामाने निथळत प्रयोग करणाऱ्या भरत जाधवांनी प्रेक्षकांची हात जोडून माफी मागितली आणि रत्नागिरीत पुन्हा प्रयोग करणार नाही असे सांगितले. दोन दिवस बातम्या झाल्या. एका नामवंत नटाने बोलून दाखवले म्हणून राज्याला कळले, पण त्याच उकाड्यात कितीतरी स्थानिक संघ काहीही न बोलता प्रयोग करून गेलेले असतात. प्रसाधनगृहांबद्दल, रंगभूषेच्या खोल्यांबद्दल कलाकार वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. नूतनीकरण होते, फीत कापली जाते, आणि काही वर्षांत पुन्हा तीच अवस्था येते. बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत, हे त्यामागचे साधे कारण आहे. इमारतीचा निधी एकदाच येतो, वरून येतो, त्यावर नाव लावता येते. वायरमनचा पगार, पडद्याची धुलाई, तालमीच्या खोलीतला पंखा यांवर नाव लावता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मी हलका मानत नाही. रस्ते फुटलेले आहेत, २०१९ आणि २०२१ च्या महापुराने शहराला झोडपले, पंचगंगेचे प्रदूषण सुटत नाही, अशा वेळी नाटकाला पैसे कशाला? माझ्याही घरात पाण्याची वाट पाहिली जाते. पण रस्त्याचा एखादा छोटा तुकडा डांबरी करायला जेवढे लागतात, तेवढ्या पैशांत शहरातल्या हौशी संघांचे वर्ष निघू शकते. महिला व बालकल्याणासाठी अर्थसंकल्पातला ठरावीक हिस्सा राखून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. तो हिस्सा कुणी कमी करावा असे मी म्हणत नाही. हिस्सा राखला की निदान त्याबद्दल विचारता येते, एवढेच म्हणतो. कलेसाठी तसा हिस्सा नाही, म्हणून विचारायलाही जागा नाही. नोव्हेंबर २०२० नंतर आमच्या महापालिकेत कित्येक वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. अर्थसंकल्प प्रशासकांनीच मांडायचा आणि प्रशासकांनीच मंजूर करायचा. त्या काळात हौशी कलावंताने कुणाकडे जायचे होते?

महोत्सवांविषयीही एक सांगतो. वर्षातून एकदा मोठा मंडप, बाहेरून आलेले लोकप्रिय कलाकार, आतषबाजी, यावर होणारा खर्च हा कलेवरचा खर्च म्हणून दाखवला जातो. लोकांना आनंद मिळतो, तो मी नाकारत नाही. पण त्या मंचावर शहरातल्या भजनी मंडळाला, शाहिराला, वस्तीतल्या लेझीम पथकाला दहा मिनिटे मिळतात, तीही पाहुण्यांची वाट पाहताना. पुरस्कारांचेही तसेच. ज्येष्ठ कलावंताला शाल-श्रीफळ द्यावेच, पण विशीतल्या मुलाला तालमीची जागा मिळाली नाही तर चाळीस वर्षांनी पुरस्कार देणार कुणाला?

नाट्यगृह पुन्हा सुरू होण्याआधीच काही गोष्टी ठरायला हव्यात. पहिली, अर्थसंकल्पात स्थानिक रंगभूमी आणि कलांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते. रक्कम सुरुवातीला लहान असली तरी चालेल, पण ती दरवर्षी असावी आणि दुसरीकडे वळवता येऊ नये. महिन्यातला किमान एक शनिवार किंवा रविवार स्थानिक संघांसाठी राखून ठेवावा आणि त्यांना भाड्यात मोठी सवलत असावी. रंगीत तालमीसाठी आदला दिवस नाममात्र दरात मिळावा. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. प्रत्येक भागातल्या एका शाळेचे सभागृह रात्री साडेनऊपर्यंत तालमींसाठी उघडे ठेवले, तिथे दिवा, पंखा, स्वच्छतागृह आणि एक शिपाई असला, तर निम्मा प्रश्न सुटतो आणि मुलींना घराजवळ जागा मिळते. यात नवीन बांधकाम नाही. नाट्यगृहात प्रकाश आणि ध्वनीसाठी कायम तंत्रज्ञ नेमावेत, त्यांच्या हाताखाली शिकायला तरुण मुले ठेवावीत. अग्निसुरक्षेची तपासणी ठरलेल्या वेळी व्हावी आणि तिचा अहवाल प्रवेशद्वारापाशी लावावा.

अनुदान वाटायचे म्हटले की वशिलेबाजी येणार, ही भीतीही खरी आहे. म्हणून अर्ज कुणाचे आले, कुणाला किती दिले आणि का दिले, हे सगळे महापालिकेने जाहीर करावे. निवड समितीत पदाधिकारी थोडे आणि काम केलेली माणसे जास्त असावीत, आणि समिती दर दोन वर्षांनी बदलावी. ज्या संघाने पैसे घेतले, त्याने शहरात किमान दोन प्रयोग करावेत. त्यातला एक नाट्यगृहाबाहेर, उपनगरात किंवा महापालिकेच्या शाळेत. म्हणजे करदात्याला त्याचे पैसे समोर दिसतील.

अर्थसंकल्पाची तयारी दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत विभागांच्या मागण्यांपासून सुरू होते. मागण्या गोळा होत असतानाच रंगकर्मी, शाहीर, चित्रकार आणि गायन-वादनातल्या मंडळींची एक बैठक आयुक्तांनी बोलवावी, आणि तिथे काय ठरले ते आपल्या दैनिकाने छापावे, ही विनंती. बैठकीला येताना आम्ही आमच्या खर्चाचे खरे हिशेब, पावत्यांसह, घेऊन येऊ.

आपला,
एक हौशी रंगकर्मी
कोल्हापूर