संत्र्याला कशाला बदनाम करता?

संपादक साहेब, नमस्कार.

गोळ्या चालू असल्या की संत्री खाऊ नका असा मेसेज थंडी पडली की व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो आणि आमच्या लेआउटमधल्या काही काका-काकूंनी तर खरंच संत्री सोडली, तेही नागपुरात राहून, म्हणून हे पत्र.

तो इशारा संत्र्याचा नाहीच, ग्रेपफ्रूट नावाच्या, संत्र्याच्याच कुळातल्या कडसर परदेशी फळाचा आहे. १९८९ मध्ये कॅनडातले संशोधक फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते, दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तात औषध भलतंच जास्त सापडलं. आतड्यातलं एक एन्झाइम काही गोळ्यांचा बराच भाग आधीच मोडून टाकतं, हा रस त्यालाच बंद पाडतो, मग नेहमीचीच गोळी जड जाते. कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनचंही तेच. आपलं संत्रं मँडरिन जातीचं, त्यात ही भानगड नाही. पपनसात मात्र आहे, ते आवडीनं खाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून घ्या. (शुगरवाल्यांनी संत्री किती खायची हा विषय वेगळा.)

खरा घोळ दुसरीकडेच होऊन राहिला आहे आणि त्याचे मेसेज कोणी पाठवत नाही. माझ्या आत्याचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालेलं, रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. दाढ काढली तेव्हा मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक आणि डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी लिहून मिळाली, डेंटिस्टनं विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही, दातवाल्याला हृदयाचं काय सांगायचं म्हणे, आणि केमिस्टनं कात्रीनं पट्ट्या कापून पिशवीत टाकल्या, झालं. काही दिवसांत दंडावर निळे डाग, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितला होता तो ७ च्या वर! मेट्रोनिडॅझोलनं त्या गोळीचा जोर वाढतो आणि डायक्लोफेनॅकनं पोटात रक्तस्रावाची भीती, म्हणजे दोन्हीकडून मार. ॲडमिट करावं लागलं, आता बरी आहे. नंतर घरच्यांनी तिची पालक-मेथी पार बंद केली, तेही चूकच, पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा असर कमी होतो हे खरं पण भाजी सोडायची नसते, रोज साधारण सारखी ठेवायची असते.

थायरॉइडची गोळी चहासोबत घेऊन लगेच तर्री पोह्याच्या ठेल्यावर जाणारे तर गल्लोगल्ली. ती उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल घेणारे 'लो सोडियम' मीठ कौतुकानं आणतात, त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात, किडनी कमजोर असेल तर हे चांगलंच महागात पडतं.

धंतोलीत, म्हणजे आपल्या नागपूरच्या दवाखान्यांच्या भागात, एकाच माणसाचे हृदयाचे, गुडघ्याचे, शुगरचे डॉक्टर वेगवेगळे, सगळे आपापल्या जागी हुशार, पण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणार कोण? शेवटी सगळं येतं केमिस्टच्या काउंटरवर. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ प्रमाणे औषध देताना रजिस्टर्ड फार्मासिस्टनं स्वतः पेशंटशी बोलायचं असतं, औषधांच्या आपसातल्या परिणामांबद्दलही. किती दुकानांत फार्मासिस्ट हजर असतो ते अन्न व औषध प्रशासनानं एकदा संध्याकाळच्या गर्दीत जाऊन बघावं. "आणखी काय चालू आहे?" एवढं विचारायला वेळ लागतो किती? आणि आपणही काढे, चूर्णं धरून सगळं सांगावं, ज्येष्ठमध रोज घेतलं तर बीपी वाढतो हे कित्येकांच्या गावीही नसतं.

औषधाचा काही त्रास झाला तर कळवायला सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. तो आपल्या पेपरात ठळक छापावा ही विनंती.

– एक वाचक, नंदनवन, नागपूर