फेड न मागता

कोल्हापूर

चिरंजीव बाळ यास,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. ज्या मित्राची तू आजारपणात सेवा केलीस आणि ज्याला शुभवर्तमानाची प्रत दिलीस, तो बरा झाल्यावर एकदाही उपासनेला आला नाही, म्हणून तू खंतावला आहेस. तुझी कळकळ खरी आहे, यात मला शंका नाही. तथापि ही खंत म्हणजे मनातल्या मनात लिहून ठेवलेली उधारी आहे, हे तुला स्पष्ट सांगणे मला भाग आहे.

‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या’ ही प्रभूची आज्ञा केवळ पैशापुरती नाही. बायबलमधील ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या 5व्या अध्यायातील नामानाची कथा पुन्हा वाच. कुष्ठातून बऱ्या झालेल्या त्या अरामी सेनापतीने देऊ केलेली भेट अलीशा संदेष्ट्याने घेतली नाही, आणि त्याचा चाकर गेहजी मात्र खोटे सांगून रुपे व पोशाख घेऊन आला, एवढे आपण संडे स्कूलमध्ये शिकतो. मला त्याहून मोठी वाटते ती मधली गोष्ट: मायदेशी परतल्यावर राजाबरोबर रिम्मोन या अरामी दैवताच्या देवळात नमावे लागेल, असे नामान आधीच सांगून टाकतो, आणि अलीशा त्याच्यावर कोणतीही अट न घालता शांतीने निरोप देतो. चांदी नाकारणे सोपे. समोरच्याने आपल्यासारखे व्हावे ही अपेक्षा सोडणे फार कठीण.

2019च्या महापुरात आपल्या मंडळीतील बायका पहाटेपासून भाकऱ्या थापत होत्या, तेव्हा चिखलीकडच्या एका आजींनी पुढे केलेला हात मागे घेत तुझ्या आईला विचारले होते, “बाई, हे खाल्लं की तुमच्यात यावं लागंल काय?” आईने “न्हाई आजी, पोटभर जेवा” म्हणून त्यांच्या भाकरीवर झुणका वाढला. भुकेल्या माणसाला असा प्रश्न पडावा, याचे दुःख मला आजही होते, कारण मदतीला अट जोडलेली त्यांनी कुठेतरी पाहिली किंवा ऐकली असणार.

याचा अर्थ विश्वास झाकून ठेवावा असा नव्हे. कोणी विचारले तर प्रभूने तुझ्यासाठी काय केले ते संकोच न करता, पण सौम्यतेने सांग. (फुकट द्यायचे तर पाळकांना वेतन का, हा तू काढलेला मुद्दा वेगळा आहे, मंडळीने आपल्या सेवकाचा निर्वाह चालवणे योग्यच. तरीही करिंथ शहरात प्रेषित पौलाने तंबू शिवून पोट भरले, ते ऐकणाऱ्यावर सुवार्तेचा भार पडू नये म्हणूनच.)

तेव्हा या आठवड्यात मित्राच्या खोलीवर जा, त्याची प्रकृती विचार, त्याच्या आईवडिलांची चौकशी कर आणि दिलेल्या पुस्तकाचा विषय तू होऊन काढू नकोस. त्याने काढलाच, तर निवांत बस. आईने कांदा-लसूण चटणीच्या दोन बरण्या पाठवल्या आहेत. त्यातली एक त्याची.

तुझे,
बाबा