अर्थची पिन तोडू नका, आधी गुणगुणीची वेळ टिपा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून मधूनच ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला की हमखास एक सल्ला मिळतो: पिन टॉपमधली अर्थची जाड पिन काढून टाका. पुष्कळदा आवाज खरोखरच थांबतो, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण पुढे कधी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे (विजेकडच्या वेढ्यांचे) इन्सुलेशन गेले, तर २३० व्होल्ट थेट धातूच्या खोक्यावर येतात आणि शिल्ड वायरच्या (ऑडिओ वायरच्या) बाहेरच्या जाळीतून टीव्ही, टर्नटेबल, माइकपर्यंत पोचतात. अर्थ नसल्याने फ्यूज उडत नाही. आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असला तरी कुणाचा तरी हात लागल्याशिवाय तो पडत नाही. घरच्या गणपतीपुढे माइक हातात घेणाऱ्याच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून हे पत्र.

सतत येणारी गुणगुण आणि अधूनमधून येणारी गुणगुण हे दोन वेगळे आजार आहेत. सतत येणारीचे मूळ यंत्रात किंवा त्याच्या जोडणीत असते. अधूनमधून येणारीचे बहुतेकदा घराच्या वायरिंगमध्ये, कधी शेजारच्या घरातही असते. त्यामुळे स्क्रू खोलण्याआधी दोन-तीन दिवस कागदावर टिपून ठेवावे: आवाज किती वाजता आला, तेव्हा फ्रिज, पाण्याचा पंप, गीझर यांपैकी काय चालू होते, पंखा किती नंबरवर होता, वीज महावितरणची होती की इन्व्हर्टरची. दुरुस्तीच्या दुकानात यंत्र नेल्यावर ते तिथे मुकाट चालते आणि ग्राहक खोटा ठरतो, तो या टिपणाअभावीच.

मग कान लावावा. आवाज स्पीकरमधून येतो की खोक्यातून? स्पीकरच्या तारा काढूनही खोके गुरगुरत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर. गोल, म्हणजे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात हवेची फट नसते. विजेच्या लाटेचे वरचे आणि खालचे अर्ध सारखे नसतील तर त्यातून येणाऱ्या काही शे मिलिव्होल्टच्या डीसीनेही (एकाच दिशेच्या विजेनेही) तो गुरगुरतो. निम्म्या ताकदीवर लावलेला साधा हेअर ड्रायर हा त्यातला ठरलेला गुन्हेगार, कारण त्यात एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) अर्धी लाट कापतो. ड्रायर बंद, गुरगुर बंद. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही असेच होते. तेव्हा पंखाही गुणगुणू लागला तर कारण उघड आहे. गुरगुर थांबवायला ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट आवळायला जाऊ नका. त्याचे वरचे टोक झाकणाला टेकले की बोल्ट आणि खोके मिळून एका वेढ्याचे शॉर्ट होते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

आवाज स्पीकरमधून येत असेल तर व्हॉल्यूम फिरवून पाहा. त्याबरोबर गुणगुण कमी-जास्त झाली तर दोष व्हॉल्यूमच्या आधी आहे: वायर, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप, इनपुटची पिन. अजिबात फरक पडला नाही तर पॉवर सप्लाय किंवा स्पीकर चालवणारी शेवटची पायरी. खात्रीसाठी एका जुन्या आरसीए पिनमध्ये (ऑडिओ वायरीच्या टोकाच्या गोल पिनमध्ये) मधली तार आणि बाहेरची कडी जोडून ‘शॉर्टिंग पिन’ करावी. यंत्र बंद करून सगळ्या इनपुट वायरी काढाव्यात, वापरातल्या इनपुटच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना अशा पिना लावाव्यात आणि यंत्र चालू करावे. आता शांत असेल तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे. हो, ही पिन फक्त इनपुटला. स्पीकरच्या टोकांना ती लावली तर आउटपुट जाईल.

मग एकेक वायर परत लावत जावे. केबल टीव्हीची गोल तार बॉक्समधून काढताच आवाज गेला, तर तो अर्थ लूप. त्या तारेची जाळी गच्चीवरच्या लाइन अ‍ॅम्प्लिफायरपाशी अर्थला लागलेली असते, अ‍ॅम्प्लिफायर घरच्या अर्थला. दोन्ही अर्थ समान पातळीवर नसल्याने फरकाचा प्रवाह ऑडिओच्या जाळीतून वाहतो, आणि इमारतीतला लोड बदलेल तसा बदलतो. संध्याकाळीच आवाज का येतो, याचे उत्तर बहुधा इथे असते. इलाज पिन तोडण्याचा नाही. ऑप्टिकल वायर वापरावी किंवा ऑडिओच्या वाटेवर एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. लॅपटॉप जोडला असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. दोन पिनांच्या चार्जरमधला फिल्टरचा छोटा कंडेन्सर मेन्समधून किंचित गळती पुढे सोडतो, तीच जाळीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते.

पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतो. लाटेच्या मध्येच तो सेकंदाला १०० वेळा झटक्याने चालू होतो आणि त्याची तीक्ष्ण भणभण वायरी पकडतात. मधल्या वेगावर सर्वात जास्त, पूर्ण वेगावर जवळजवळ नाही, ही त्याची खूण. कंडेन्सरवर चालणारा टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर बसवला की प्रश्न मिटतो. दिवाळीत लुकलुकणाऱ्या तोरणांचेही असेच. लुकलुकण्याच्या तालावर भणभण आली तर आणखी काही शोधू नये.

सॉकेटही तपासावे, शक्यतो वायरमनकडून. समोरून पाहता उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. गीझर लावताच आकडा उसळला तर न्यूट्रलचा जोड सैल आहे किंवा तार बारीक आहे. फेज-अर्थमध्ये २३० च्या आसपास न येता बरेच कमी आले तर अर्थिंगच तुटलेले आहे. उन्हाळ्यात अर्थचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायचे कुणाच्या ध्यानात राहत नाही. कोकणात खाऱ्या हवेने आरसीए पिनांवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पिन दोन-चारदा फिरवावी.

शॉर्टिंग पिन लावूनही गुणगुण राहिली तरच यंत्र उघडायचे. आवाज ५० हर्ट्झचा की १०० चा, हे फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपने कळते. गाणाऱ्यांच्या भाषेत दोन्ही हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या किंचित वर, एका सप्तकाच्या अंतराने. १०० असेल तर संशय पॉवर सप्लायची चढउतार सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरवर: ४७०० मायक्रोफॅरडवर एक अँपिअर ओढला तर व्होल्टेजची चढउतार सुमारे २ व्होल्ट असते, कंडेन्सर सुकून १००० उरला की १० व्होल्ट. चालू केल्यावर मोठी गुणगुण आणि पाच-दहा मिनिटांनी कमी, ही सुकत्या कंडेन्सरची खूण. उलट, तापल्यावर सुरू होत असेल तर ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सोल्डरचा जोड) पाहावे. ५० हर्ट्झ असेल तर ब्रिजमधला (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीतला) एखादा डायोड उघडा पडला असावा, किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली इनपुट वायर ते पकडत असावी.

कंडेन्सर बदलताना प्लग काढून १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर त्याच्या टोकांना मिनिटभर धरावा आणि मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आल्याचे पाहावे. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नये. नवा कंडेन्सर तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा घ्यावा. क्षमता दीडपटीपलीकडे नेली तर चालू करतानाचा झटका ब्रिज आणि फ्यूजवर येतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे भाग मिळतात. जाताना जुना कंडेन्सर बरोबर न्यावा, म्हणजे व्यास आणि पायांमधले अंतर जुळवता येते.

आपले,
ध्वनियंत्रे दुरुस्त करणारे काही तंत्रज्ञ, पुणे