खोका नंबर 3 रद्दीचा नव्हता

विषय: टोकियो ते पुणे सामान, खोका नं. 3, तुमची भरपाई मान्य नाही

नमस्कार,

काल तुमचा मेल आला, 11 किलो गुणिले 200, म्हणजे तुमच्याकडे भिजलेल्या खोक्याची 2,200 रुपये भरपाई. आमच्या सोसायटीतला रद्दीवाला एवढा भाव देत नाही, त्याबद्दल आभारच, पण मी रद्दी पाठवली नव्हती हो. यादीवर "जुने कागद व खेळणी" हे तुमच्या पॅकिंगवाल्याने लिहिलंय, माझी किंमतींसकट यादी आणि इन्शुरन्सची पावती पुन्हा जोडतेय, या वेळी उघडून बघा प्लीज.

सहा वर्षं मी टोकियोत होते आणि दर महिन्याला पगार झाला की जिम्बोचोला जायचे. तिथली जुनी पुस्तकांची दुकानं बहुतेक यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण बाजूला आहेत, तोंड उत्तरेकडे, का तर पुस्तकांवर ऊन पडू नये. उन्हाला जपणाऱ्या माणसांकडून घेतलेली पुस्तकं तुम्ही जुलैच्या पावसात न्हावा शेवाला ताडपत्रीखाली ठेवलीत!

त्यातलं एक चिरिमेन पुस्तक, हासेगावा ताकेजिरो यांनी 1885 पासून जपानी गोष्टींची जी मालिका काढली त्यातलं. त्याचा कागद मुद्दाम दाबून सुरकुतलेला असतो, हाताला क्रेपच्या साडीसारखा लागतो, तीच तर त्याची गंमत. ते भिजलं, हे एक वेळ समजू शकते, पण डिलिव्हरीवाला दादा कौतुकाने म्हणाला, "मॅडम, सगळी वजनाखाली ठेवून मस्त प्रेस करून दिलीयेत." त्याला मी काय बोलणार, बिचाऱ्याने मेहनतच घेतली होती.

नारुको गावची लाकडी कोकेशी बाहुली, मान फिरवली की कुईकुई वाजणारी, ती आता फिरतच नाही, लाकूड फुगलंय.

आणि गोशुइन्चो. देवळादेवळातून शिक्के घ्यायची घडीची वही, तिथला माणूस समोर बसून कुंचल्याने देवळाचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहून देतो, 300-500 येनला. तुमच्या हिशोबात फार तर पाव किलो. आई आली होती तेव्हा गुडघे दुखत असताना कामाकुराच्या हासेदेरा देवळाच्या पायऱ्या चढली होती, तिथल्या शिक्क्याचं ते पान मागच्या पानाला चिकटलंय आणि वर बुरशी. ती तारीख परत कोण लिहून देणार? आई आता प्रवास करत नाही.

तर, इन्शुरन्सच्या रकमेप्रमाणे पूर्ण भरपाई, पुस्तकं आणि वही कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवायचा खर्च, आणि खोका कुठे किती दिवस पडून होता त्याचं लेखी उत्तर, हे 15 दिवसांत द्या, नाहीतर मी ग्राहक आयोगाकडे जाणार. कुणीतरी घरी येऊन बघून जा, फोटोत बुरशीचा वास येत नाही. शनिवारी या, मी घरीच असते, फक्त काहीही "प्रेस" करून देऊ नका.

तुमची ग्राहक,
कोथरूड, पुणे