बाबा, मासे सोडू नका, मासा बदला

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा माशांतल्या पाऱ्याबद्दल फोनवर चाललेलं आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा म्हणाले, "मग आता मासे बंदच करतो," आणि फोन आईकडे दिला. आई, तू म्हणालीस, नीट शिजवलं की त्यातलं वाईट निघून जातं. दोघांनाही तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून सवडीनं लिहिते आहे.

आई, आधी तुझं. माशातला पारा चरबीत किंवा सालीत नसतो, तो मांसातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेला असतो. धुऊन, उकळून, तळून तो जात नाही. उलट शिजताना पाणी आटतं आणि पारा तेवढाच राहतो. यात तुझ्या हाताचा काही दोष नाही गं.

मी लहान असताना घरात थर्मामीटर फुटला होता, आठवतंय? फरशीवर पळणारी ती चकाकती गोळी बघायला मी धावले आणि बाबांनी मला उचलून खोलीबाहेर नेलं. तसला पारा चुकून गिळला गेला, तर बहुतेक सगळा तसाच बाहेर पडतो. भीती त्याच्या वाफेची. माशातला पारा वेगळा. कोळसा जाळल्यानं आणि सोन्याच्या छोट्या खाणींतून पारा हवेत, पाण्यात जातो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी नावाचं विषारी संयुग करतात, आणि ते पोटातून जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. बारीक जिवांना लहान मासे खातात, लहानांना मोठे, आणि प्रत्येक पायरीला विष साठत जातं. म्हणून मासा जितका मोठा, जितका म्हातारा आणि जितका शिकारी, तितका त्यात पारा जास्त.

जपानमधल्या मिनामाताबद्दल मी या आठवड्यात पुष्कळ वाचलं. तिथल्या चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून १९६८ पर्यंत पारा मिसळलेलं सांडपाणी समुद्रात सोडत होता. आधी मांजरं झटके येऊन मरू लागली. मग माणसांच्या हातापायांना बधिरपणा आला, चालताना तोल जाऊ लागला, नजरेचा घेर आकसला, बोलणं अडखळू लागलं. १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी सांडपाणी पुढे बारा वर्षं वाहतच राहिलं. याचा मला फार संताप येतो. काही आयांना स्वतःला जेमतेम त्रास होता, पण त्यांच्या पोटची मुलं जन्मतःच मेंदूला गंभीर इजा घेऊन आली. मला पाचवा महिना चालू आहे. ते पान मी दोनदा मिटलं. तिथल्या माशांत नेहमीच्या माशांच्या कितीतरी पट पारा होता, हे मला कळतं. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही.

बाबा, तुम्हाला आकडे लागतात, म्हणून हिशेब मांडते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. ती मुख्यतः पोटातल्या बाळाला जपण्यासाठी ठरवलेली आहे. माझं वजन ६० किलो धरलं, तर आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, मांसात किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम पारा सापडतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या एका तुकड्यात १०० मायक्रोग्रॅम, माझा आठवडा संपला! तारलीच्या तेवढ्याच मांसात १-२ मायक्रोग्रॅमच असतो. तुमच्या वयाच्या माणसाला या मर्यादेच्या दुप्पट चालेल असं तीच समिती म्हणते, पण तुम्ही आठवड्यातून चार वेळा मुशी आणि मोठा ट्यूना खाता.

हृदयासाठी तुम्ही मासे सुरू केलेत ते अगदी बरोबर केलंत, आणि म्हणूनच ते बंद करू नका. तारली, बांगडा असे लहान मासे खा. हृदयाला हवं असलेलं ओमेगा-३ त्यांत भरपूर असतं. मुशी आणि तलवार मासा नकोच, मोठा ट्यूना क्वचित. आई, तूही हेच खा, आणि मी येईन तेव्हा मलाही हेच दे.

आणखी एक. बोटांना मुंग्या येतात असं बाबा मागच्या महिन्यात ओझरतं बोलून गेलात. त्याचं कारण साखर असेल, बी-१२ कमी असेल किंवा मानेची नस असेल. पारा असेलच असं नाही. पण डॉक्टरांना सांगा, आणि किती वेळा कुठला मासा खाता तेही सांगा. त्यांना वाटलं तर रक्ताची किंवा केसांची तपासणी करता येते. अंगातला पारा निम्मा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. खाणं बदललं की तो आपोआप उतरतो. कुणी शरीरशुद्धीची पावडर सुचवली, तर कृपा करून घेऊ नका.

महिनाभरात काय काय खाल्लंत ते आईकडून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांकडे न्या. रविवारी सकाळी मी फोन करते. तोवर त्यांची वेळ घेऊन ठेवाल ना?

तुमची,
लेक