सिलिंडर बोअर करायच्या आधी केबल बघ

सोलापूर,
रविवार, १८ मे २०२५

प्रिय दोस्ता,

काय करूलालायस बे? तुझ्या मोटारसायकलच्या गाऱ्हाण्याचं पत्र परवा मिळालं. "गार असताना दुसऱ्या किकला चालू, गरम झाली की वीस किका मारल्या तरी हूं की चूं नाही, आणि मिस्त्री म्हणतोय बोअर करू, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करू." हे वाचलं आणि जेवता जेवता हसू फुटलं. तुझ्या वहिनीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, आपल्या घरचं रामायण नाशकात सुरू झालंय.

हीच कथा जानेवारीत माझी झाली, ऐन गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत. म्हणून हात जोडून सांगतो, हे पत्र वाचून होईपर्यंत तरी सिलिंडर त्या मिस्त्रीच्या ताब्यात देऊ नकोस.

आपल्या दोघांच्या गाड्या एकाच जातीच्या. चारशे सीसीची एकसिलिंडर टू-स्ट्रोक, म्हणजे किक उलटली तर नडगीचं काही खरं नाही. म्हणून हँडलवर तो चिमुकला डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायचा, लिव्हर. तुमच्या अण्णांच्या जुन्या बुलेटलाही होता, आठवतं? आपण शाळेतून येताना तो उगाच दाबून पळायचो. पण बुलेट फोर-स्ट्रोक. तिथं लिव्हर एक्झॉस्ट वॉल्व्हच जरासा उचलून धरतो. टू-स्ट्रोकला वर वॉल्व्हच नसतात, सिलिंडरला नुसत्या खिडक्या. मग हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, वेगळा, करंगळीच्या नखाएवढ्या तोंडाचा एक वॉल्व्ह बसवलेला असतो. लिव्हर ओढला की तो आत सरकतो, दाबलेली हवा बाजूच्या भोकातून निसटते आणि पिस्टन वरचा टप्पा सहज ओलांडतो. लिव्हर सोडला की स्प्रिंग त्याला परत सीटवर, म्हणजे वॉल्व्ह टेकायच्या कडेवर, बसवते. बसवायला पाहिजे, असं म्हण.

माझ्या मिस्त्रीनं किकवर दोनदा पाय टाकला, तोंड वाकडं केलं आणि निकाल दिला: "दम संपला. बोअर, पिस्टन, रिंगा." या गाडीचा पिस्टन सोलापुरात कुठला मिळायला? बाहेरून मागवायचा, आणि किंमत ऐकून माझाच दम संपला. खरं सांगू, खिशात पैसे नव्हते म्हणून डोकं चालवलं.

घरी आणून नीट बघितलं तर हेडच्या पंख्यांवर (त्या गार ठेवणाऱ्या पातळ कडांवर), त्या वॉल्व्हच्या खाली, तेलकट काळा ओघळ. रडल्यावर काजळ उतरतं ना, तसा. रिंगांतून निसटलेला गॅस खाली क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या खालच्या पेटीत, जातो, तो हेडच्या बाहेर काजळ कशाला घालेल?

मग अक्कलकोट रोड एमआयडीसीत आपल्या लेथवाल्या मामांकडे गेलो. वॉल्व्हच्याच आट्यांचा एक भरीव बोल्ट करून घेतला. लांबी वॉल्व्हच्या आट्यांएवढीच, एक सूतही जास्त नाही, नाहीतर पिस्टनशी गाठ. तिथंच गाडी स्टँडवर लावून, कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा, गेज उसना घेऊन, थ्रॉटल पूर्ण उघडून काटा थांबेपर्यंत किका मारल्या. वॉल्व्ह असताना ९० पौंड. वॉल्व्ह काढून बोल्ट लावला, तर १३५! बोअर बिचारा निर्दोष. मामा म्हणाले, "आता त्या मिस्त्रीला चहा पाज, तुझे पैसे वाचवले त्यानं." त्यांचं बोलणं असंच तिरकं.

वॉल्व्ह उघडला तर तोंडावर डांबरासारखी काजळी आणि सीटवर एका बाजूला बारीक खड्डे. चूक माझीच होती. एक तर तेल जास्त घालायचो, लिटरला ४० मिली पुरे असताना ५०-५५. दुसरं म्हणजे, इंजिन बंद करायला किल स्विच सोडून हाच लिव्हर ओढायचो, फुर्रर्र आवाज आवडायचा म्हणून. धावत्या इंजिनात तो उघडला की पेटलेला गॅस त्या सीटवरूनच बाहेर पडतो. वेल्डिंगच्या ज्योतीखाली रुपया धरल्यासारखं.

सीट वॉल्व्हच्या बॉडीतच आहे, हे आपलं नशीब. सगळं टेबलावर करता येतं, हेडला हात लावावा लागत नाही. काजळी घासलेटात रात्रभर भिजवली. मग वॉल्व्हच्या दांडीवर रबरी नळीचा तुकडा चढवला, तोंडाला बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावली आणि रवी घुसळतात तसं दोन तळहातांत फिरवत बसलो. मधूनमधून उचलायचं, थोडं वळवून परत टेकवायचं. घाई केलीस तर एकाच जागी ओरखडा पडतो. पाऊण तासानं तोंडावर सगळीकडे सारख्या रुंदीचा राखाडी पट्टा दिसला. पेस्ट मात्र कणभरही राहू देऊ नकोस, ती आत गेली तर मिस्त्रीचं भविष्य खरं होईल. शेवटी स्प्रिंग लावून, वॉल्व्ह उलटा धरून त्याच्या तोंडाच्या वाटीत पेट्रोल ओतलं. दहा मिनिटं थेंब नाही.

बॉडीखालचा तांब्याचा वायसरही बघ. वर्षानुवर्षं दाबून तो दगड होतो, मग बाजूनं गॅस सोडतो. नवा मिळाला तर उत्तम. मी जुनाच सांडशीत धरून गॅसवर लालसर होईपर्यंत तापवला आणि पाण्यात टाकला. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं उलट मऊ होतं. मऊ झालेला वायसर बसताना हाताला कळतो, पाना शेवटी लोण्यात रुतल्यासारखा थांबतो. तिथंच थांब. अ‍ॅल्युमिनियमचे आटे आहेत, जोर दाखवायला कुस्तीचं मैदान नाही. गळतंय म्हणून दोन वायसर घालू नकोस, आणि पातळही घालू नकोस. पातळ वायसरनं वॉल्व्ह जास्त आत उतरतो आणि लिव्हर ओढल्यावर पिस्टनला टेकू शकतो.

बोळात गाडी उभी करून परत गेज लावला. १३० पौंड. मी राजा!

दोन रविवार राजा होतो. तिसऱ्या रविवारी हिप्परग्याला, तलावाच्या कडेच्या कच्च्या वाटेवर गेलो. (नान्नजकडे नेत नाही हल्ली, माळढोकाच्या माळावर हा फटफटाट बरा दिसत नाही.) पाणी प्यायला थांबलो आणि मग किक मारतोय, मारतोय... गाडी ढिम्म. पायाखाली किक कशी, तर चिखलात पाय घातल्यासारखी मऊ. शेवटी उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत गाडी टाकून घरी आलो. बोळात उतरवली, सहज किक मारली, तर पहिल्या फटक्यात चालू. असा राग आला की विचारू नकोस.

उत्तर सापडलं ते नळाला पाणी आलं त्या दिवशी. आपल्याकडं पाण्याचा दिवस म्हणजे काय धांदल असते, तुला ठाऊक आहे. मी गाडी अंगणाच्या तोंडाशी घेऊन वॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडत होतो आणि किक हातानं हळूहळू दाबत होतो. पिस्टन वर आला, किक तळहाताशी घट्ट अडली. बुडबुडा नाही, काही नाही. तेवढ्यात तुझी वहिनी दोन बादल्या घेऊन आली. "सरका" म्हणाली, मी सरकलो नाही, म्हणून तिनं कोपरानं हँडल डावीकडे ढकललं आणि गेली. आणि माझ्या हाताखालची घट्ट किक फुस्स करून खाली बसली! वॉल्व्हच्या भोकाशी फेसाचा हा एवढा फुगा.

मी ओरडलो, "परत ढकल!" ती म्हणाली, "भांडायला वेळ नाही मला."

झालं होतं असं. दिवाळीत टाकी रंगवली, तेव्हा लिव्हरपासून वॉल्व्हपर्यंतची केबल मीच परत बांधली होती, टाकीखाली प्लास्टिकच्या पट्टीनं, चांगली आवळून. हँडल सरळ असताना सगळं ठीक. डावीकडे वळलं की केबल ताणली जायची आणि वॉल्व्ह केसभर उघडा राहायचा. डोळ्यांना दिसत नाही, पण गॅसला तेवढं पुरतं. सीट एवढी का भाजली, तेही तेव्हा कळलं. प्रत्येक डाव्या वळणावर ज्योत तिच्यावरून जात होती.

आणि गार-गरमचा घोळ? आमचा बोळ एवढा अरुंद की गाडीचं हँडल वळतच नाही, भिंतीला लागतं. बाहेर स्टँडवर लावली की हँडल आपोआप डावीकडे पडतं, आणि किक डावीकडे असल्यानं मी शेजारी उभा राहून तशीच मारायचो. म्हणजे घरी गाडी गार आणि हँडल सरळ, माळावर गाडी गरम आणि हँडल डावीकडे. मी महिनाभर उष्णतेला शिव्या देत होतो.

पट्टी कापली, केबल मोकळी सोडली. अ‍ॅडजस्टरवर २-३ मिलिमीटर ढील ठेवली. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं तरी लिव्हर तेवढा सैल हलला पाहिजे. तोवर सीट परत थोडी भाजली होतीच, म्हणून पुन्हा एकदा रवी घुसळली. त्याला आता तीन महिने झाले. काल भर दुपारी विजापूर रोडनं जाऊन आलो, दोनदा बंद केली, दोनदा पहिल्याच किकला चालू.

तेव्हा तू आधी गाडी उभी कुठं करतोस आणि हँडल कुठं वळलेलं असतं ते बघ. मग ढील. मग साबणपाणी, वायसरच्या कडेला वेगळं आणि भोकाशी वेगळं. बोल्ट लावून गेज बघितल्याशिवाय तर सिलिंडरला हात लावूच देऊ नकोस. बोल्ट लावूनही काटा खालीच राहिला, तर मात्र मिस्त्री खरा, मग बोअर कर बापडा.

अण्णांना नमस्कार सांग. मृगाच्या आत इकडे चक्कर मार, एकदा काळी माती भिजली की चाकाचा लाडू होतो आणि मग आपण दोघं गाडी ढकलत बसू.

तुझाच,
बाकावरचा जोडीदार

ता. क. वॉल्व्हच्या आट्यांचं माप घेऊन कळव. मामांना सांगून तुझ्यासाठी एक बोल्ट करून ठेवतो. त्यांनी पैसे घेतले नाहीत तर शेंगाचटणी मलाच न्यावी लागणार आहे, तो हिशेब वेगळा.